लाकडी बोटीचं किट: चिपळूणच्या पावसाळ्यात बांधून बघितलं

आधीच सांगते, मी सुतार नाही. मी ब्लाउज शिवते. चिपळूणला बाजारपेठेच्या मागे, शिव नदीपासून हाकेच्या अंतरावर, खाली दुकान आणि वर घर असं सत्तावीस वर्षं चाललंय. तेव्हा या किटमधल्या लाकडाबद्दल मी जे बोलेन ते नवशिकीचं बोलणं समजा. दोरा आणि कापड याबद्दल बोलेन तेव्हा मात्र नीट ऐका.

किट म्हणजे खऱ्या बोटीची छोटी प्रतिकृती घरी जोडायचं सामान. ते मुलाने आणलं. तो बोटीवर असतो. मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा बॅगेतून हे लांबुडकं खोकं काढून कापडं बेतायच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "आई, पावसाळ्यात तू रात्रभर जिन्यात बसून पायऱ्या मोजतेस. त्यापेक्षा हे कर." किंमत काही सांगेना. खोक्याच्या बुडाला चिकटवलेली चिठ्ठी मी नखाने सोडवली तर ११२ युरो. म्हणजे दहा हजारांच्या वर. तेवढ्यात माझं पिको-फॉलचं मशीन आलं असतं. हे त्याच्यासमोर बोलले नाही, इथे बोलते.

पायऱ्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या. २६ जुलै २००५ ला पाणी नवव्या पायरीला लागलं होतं. २२ जुलै २०२१ ला तेराव्या. त्या दिवशी माझी तीनही मशिनं पाण्याखाली गेली आणि गिऱ्हाइकांची दीडशेच्या आसपास कापडं गाळात मिळाली. लग्नाच्या शालूवरचा एक ब्लाउजपीस तर मी सहा पाण्यांतून काढला तरी त्याचा वास गेला नाही. वाचनालयातली पुस्तकं रस्त्यावर वाळत घातलेली बघितली आणि मग स्वतःचं रडणं आवरलं. पुढे नदीतला गाळ काढा म्हणून शहरातली माणसं साखळी उपोषणाला बसली, गाळ निघाला, पण जिन्याच्या भिंतीवर मी ऑइलपेंटने काढलेले एक ते सतरा आकडे अजून आहेत. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर, असं बातम्यांत सांगतात. माझी इशारा पातळी दुसरी पायरी. दुसरी बुडली की मशिनं वर.

तर किट. आत काय आहे: बोटीचा कणा आणि आडवे साचे प्लायवूडचे, लेझरने कापलेले. त्यावर मारायला फिकट लाकडाच्या पट्ट्या, त्यावरून दुसरा थर द्यायला अक्रोडाच्या पातळ पट्ट्या. डोलकाठ्यांसाठी गोल दांड्या, पितळेच्या खिळ्यांची पुडी, नांगर, दोऱ्याची चार रिळं, आणि शिवून तयार असलेली शिडं. गोंद, रंग, हत्यारं यातलं काही नाही. खोक्यावर एवढ्या बारीक अक्षरात तसं लिहिलंय की चष्मा लावूनही मला पोराकडून वाचून घ्यावं लागलं. तो खर्च आणखी हजार-बाराशेचा धरा. पहिल्या थराच्या लाकडाला पुस्तिकेत 'लाइमवुड' म्हटलंय. मी आठवडाभर सगळ्यांना ही लिंबाच्या लाकडाची बोट आहे म्हणून सांगत होते. लिंबाचा त्याच्याशी काही संबंध नाही, ते युरोपातलं वेगळंच झाड.

बोट कुठली, तर 'ब्लूनोज'. निळं नाक. कॅनडात नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे, तिथल्या माणसांचं हे टोपणनाव. १९२१ साली लुनेनबर्ग गावात बांधली, १४३ फूट लांब, दोन डोलकाठ्या. मला आवडलं ते हे की ही लढाऊ बोट नाही आणि कुणा राजाचीही नाही. मासेमारीची. कॉड मासा आणायला जायची आणि फावल्या वेळात शर्यती जिंकायची. तिचं चित्र १९३७ पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर आहे. पुढे १९४६ मध्ये हैतीजवळ खडकावर चढून बुडाली. मुलाने ते नाणंही आणलं होतं, डोलकाठीखाली ठेवायला. तिकडे तशी रीत आहे म्हणे. मी नाणं शोकेसमध्ये ठेवलं आणि डोलकाठीच्या भोकात आपला रुपया घातला, हळदकुंकू लावून.

माहितीपुस्तिका पाच भाषांत आहे आणि पाचही भाषांत अपुरी. चित्रं बरी आहेत, पण चित्र क्रमांक ११ मध्ये पट्ट्या अर्ध्या लावलेल्या दिसतात आणि १२ मध्ये सगळी बोट घासून गुळगुळीत. मधलं सगळं तुमच्या नशिबावर. ब्लाउजच्या पुस्तकात कटोरी कापायला सांगून थेट हुक लावायला सांगितलं तर कसं होईल, तसं.

माझी अडचण झाली नाही ती आजोबांमुळे. आईचे वडील मचव्यावर, म्हणजे मालाच्या शिडाच्या होडीवर, तांडेल होते, होडीचे म्होरके. दाभोळहून भरती धरून खाडीने वर गोवळकोटच्या धक्क्याला यायचं, मीठ, कौलं उतरवायची, ओहोटीबरोबर खाली जायचं. मी सहा-सात वर्षांची असताना ते ओसरीवर बसून नारळाच्या पोयीला डोलकाठी खोचून आम्हा पोरांना होड्या करून द्यायचे. कण्याला पठाण म्हणायचं, बरगड्यांना वांक, पुढच्या टोकाला नाळ. खोक्यातला प्लायवूडचा तुकडा हातात घेतला तेव्हा पाच भाषांपैकी एकीतही तो काय आहे ते मला कळलं नव्हतं. आडवे साचे त्यात बसवले आणि आपसूक तोंडातून निघालं, हा पठाण नि हे वांक. तिथून पुढे काम सोपं झालं.

सोपं म्हणजे तसं नव्हे. पठाणच वाकडा आला होता. टेबलावर आडवा ठेवला तर एका टोकाखाली पेन्सिल जाईल एवढी फट. मेमध्ये खोकं उघडून ठेवण्याची चूक माझी, पण चार दिवसांत प्लायवूड मुरडावं हे काही बरं लक्षण नाही. कापड इस्त्रीने सरळ होतं, तसं हेही होईल म्हणून ओला पंचा घालून इस्त्री मारली, वर दोन मशिनांची हेडं रात्रभर ठेवली. झाला सरळ. हा उपाय कंपनीने पुस्तिकेत छापायला हरकत नाही.

मुख्य तक्रार अशी की हे किट ज्याने बनवलं त्याच्या डोक्यात कोरडं घर आहे. पुस्तिका सांगते, पट्टी वाकवण्याआधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. आमच्याकडे जूनच्या शेवटच्या आठवड्यात पट्ट्या खोक्यातच शिजवलेल्या शेवग्याच्या शेंगेसारख्या झाल्या. नाळेकडे जिथे वळण जास्त आहे तिथेही हातानेच वळत होत्या, मोडली एकही नाही. मी खूश. दुसरीकडे गोंद वाळेना. पांढऱ्या गोंदाला पुस्तिकेत एक तास दिलाय, माझा सकाळी लावलेला गोंद रात्री बोटाला लागत होता. झटपट चिकटणारा गोंद वापरला तर दमट हवेत तो लाकडावर पांढरी धूळ धरतो, बुरशी आल्यासारखी. शेवटी टाचण्या, कपड्यांचे चिमटे आणि धीर. माझ्याकडे टाचण्यांचा तोटा नाही.

आता ती रात्र. दिव्यांची अवस होती. दुपारीच समया, निरांजनं आणि सासूबाईंचा लामणदिवा चिंचेने घासून पाटावर मांडले होते. घाटावर दोन दिवस पाऊस नुसता ओतत होता. साडेनऊला लाइट गेली. अवसेला उधाणाची भरती. दाभोळच्या तोंडातून भरती खाडीत चढली की वाशिष्ठीला उतरायला वाट राहत नाही, आणि वाशिष्ठी तुंबली की आमची शिव नदी मागे फिरते. शिवाय कोयनेत वीज करून झालेलं पाणी कोळकेवाडी धरणावरून वाशिष्ठीतच येतं. हा हिशेब चिपळुणात चौथीतलं पोरही सांगेल.

एक वाजून दहा मिनिटांनी नगरपालिकेचा भोंगा झाला. शेजारच्या वहिनींचा मुलगा हाक न मारताच आला, तो दरवर्षी येतो. बोट दुकानातच होती, बेतायच्या टेबलावर, डाव्या बाजूला निम्म्या पट्ट्या लावलेली. तो म्हणाला, "काकू, आधी काय उचलू? मशिनं का बोट?"

"मशिनं. बोटीला काय होतंय, बोटच आहे ती."

तीन हेडं वर गेली, कापडांची गाठोडी गेली, मोटारी गेल्या. मग मला सुचलं की गोंद साधा पांढरा आहे, पाण्यात राहणारा नव्हे. ही बोट जर खाली भिजत राहिली तर सकाळी पट्ट्यांची जुडी होऊन तरंगेल. वहिनी जिन्यात कंदील धरून उभ्या होत्या. मी बोट उपडी करून डोक्यावर घेतली, मासळीची पाटी घेतात तशी, आणि वर निघाले. "काय गो बाय," वहिनी म्हणाल्या, "बोट डोक्यावर घेऊन पुरातनं पळणारी तूच पहिली."

वर आल्यावर झोप कुठली. पाऊण वाजल्यापासूनचे ग्रुपवरचे मेसेज वाचले, त्यातले निम्मे २०२१ चेच फोटो परत फिरवलेले. फोन उलटा ठेवला. पाटावरचे दिवे लावले, सगळे, एरवी दुसऱ्या दिवशी पूजेला लावते ते. आणि पट्ट्या लावायला बसले. एक पट्टी मोजायची, कापायची, गोंद, टाचण्या, मग टॉर्च घेऊन जिन्यात जायचं. पावणेदोनला दुसरी पायरी दिसेना. पुढच्या दोन पट्ट्यांत तिसरी गेली. पाणी चढताना आवाज करत नाही, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. तांबूस, जाडसर, चपला आणि थर्माकोलचे तुकडे पोटावर घेऊन ते नुसतं जागा धरतं. चौथीच्या काठाला लागलं तेव्हा मी पट्टी उलटी लावली, परत काढली. सुरीने अंगठा कापला. अडीचला गेले तर काठालाच. पावणेतीनला काठालाच. म्हणजे भरती फिरली. साडेतीनला तिसरी पायरी वर आली, तिच्यावर बोटभर गाळ. त्या रात्रीत अकरा पट्ट्या लागल्या.

या अकरा पट्ट्यांनी पुढे दगा दिला. ऑक्टोबरची ऊन्हं लागली, हवा सुकली आणि पट्ट्या आकसल्या. बाकी बोटीवर केसाएवढ्या रेषा पडल्या, पण त्या रात्रीच्या पट्ट्यांमध्ये नख जाईल अशा फटी. लाकूड फुगलेलं असताना घट्ट बसवलेलं, दुसरं काय होणार. इंटरनेटवर लोक सांगतात की भुसा गोंदात कालवून भरा. मला आजोबा आठवले. पावसाळ्यानंतर मचवा पाण्यात लोटायच्या आधी ते फटींत कापूस ठोकून बसवायचे, वर राळ आणि तेल. मी देव्हाऱ्यातला वातींचा डबा काढला. लांब वाती सुईच्या बोथट बाजूने फटीत बसवल्या, वर पातळ गोंद, वाळल्यावर पॉलिशपेपर. मग अक्रोडाचा दुसरा थर चढला. आता ती काळ्या रंगात आणि खाली तांबड्यात आहे आणि कुणाला काही दिसत नाही.

म्हणून घेणाऱ्यांना माझं सांगणं: किनारपट्टीवर राहत असाल तर पट्ट्यांचं काम दसऱ्यानंतर काढा. पावसाळ्यात डोलकाठ्या, नांगर, डेकवरच्या छोट्या पेट्या असली सुटी कामं करा. खोक्यात तांदळाची पुरचुंडी टाका आणि प्लायवूड वजनाखाली ठेवा.

आता माझ्या प्रांतातलं. दोरा अगदीच सुमार. काळ्या दोऱ्याला एवढी लव की बोटीवर ताणल्यावर सुरवंट चढल्यासारखा दिसतो. मी तो सगळा बाजूला ठेवला. बटणाचा जाड कॉटन दोरा मेणाच्या गोळीवरून दोनदा ओढून घेतला, लव बसली आणि गाठही सरकत नाही. मेणामुळे दमट हवेत दोरा सैलावतही नाही फारसा. शंभर रुपयांत सगळी बोट झाली.

शिडांचं तर हसूच आलं. तयार शिवलेली शिडं म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरात मिरवलंय. टाका केवढा, तर इंचाला सहा. आता हिशेब करा. १४३ फुटांची बोट माझ्याकडे दोन फुटांच्या आत बसवलीय. म्हणजे तो एकेक टाका खऱ्या शिडावर फूटभर भरेल! एवढ्या टाक्याने शिवलेलं शीड पहिल्या वाऱ्याला उसवेल. शिवाय कापड जाड, ताठ, पडद्याच्या अस्तरासारखं. मी जुनी मलमल घेतली, चहाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवली, नऊ नंबरची सुई लावून मशीनचा टाका अगदी बारीक केला. कडेला दोरा आत घेऊन दुमड घातली. खरी शिडं अरुंद पट्टे जोडून केलेली असतात, म्हणून जोडाच्या जागी एकेरी टीप मारली. या बोटीचं मोठं शीड चौकोनी, वरून एका तिरक्या काठीला आणि खालून आडव्या काठीला बांधलेलं. आजोबांच्या मचव्याची डोलकाठी पुढे झुकलेली असायची आणि शीड तिरकं चढायचं, त्याचा तोरा वेगळा. पण हेही दिसायला डौलदार आहे, खोटं का बोला.

कंपनीची सेवा मात्र चांगली निघाली, ते लिहायलाच हवं. खिळ्यांची पुडी अर्धी होती आणि एक साचा चिरलेला. मुलाने फोटोसकट ईमेल केली. नऊ दिवसांनी उत्तर आलं, दीड महिन्याने पाकीट पोस्टाने घरी. पैसे नाहीत, प्रश्न नाहीत. साचा तोवर मी चिकटवला होता, आता एक जास्तीचा आहे. मुंबईतल्या एका दुकानात याच किटसाठी चौकशी केली होती, त्यांनी तीन वेळा 'उद्या फोन करतो' म्हटलं. तो उद्या अजून उजाडला नाही.

पाचपैकी साडेतीन देते. दोन गुण आकारासाठी, कारण सगळे साचे बसवून झाल्यावर बोटीचं अंग इतकं सुरेख वळतं की मी दोन दिवस तिच्यावर पट्टी लावायला धजले नव्हते. एक सेवेसाठी. अर्धा त्या अवसेच्या रात्रीचा, तो कंपनीने फुकट कमावलाय. दीड गुण दोरा, शिडं आणि पुस्तिका यांनी घालवला. पहिल्यांदाच करणार असाल तर घ्या, पण सोबत आपल्या गल्लीतल्या एखाद्या शिंप्याशी ओळख ठेवा.

मुलगा विचारत होता, पुढचं कोणतं आणू. मी म्हटलं, मचव्याचं मिळतंय का बघ, नाहीतर गलबताचं. तो शोधतोय.

सध्या बोट वरच्या खोलीत, मशिनांच्या मागच्या फळीवर आहे. डोलकाठ्यांकडे चढणाऱ्या दोरांवर शिडीसारख्या आडव्या गाठी मारायच्या असतात, त्या दोनशेच्या वर आहेत. एकशे तीस झाल्यात. बाकीच्या लग्नसराई संपली की. या आठवड्यात सतरा ब्लाउज द्यायचेत आणि त्यातले चार पॅडचे.